रिकाम्या गाडीचं दार

बसच्या कारखान्यात त्याला सगळे बिजागरी म्हणत. अंगकाठीच तशी होती. दोन चपट्या पट्ट्या आणि मध्ये कमरेपाशी एक दांडा. वाकला की पूर्ण वाकायचा आणि उभा राहिला की भिंतीला ठोकल्यासारखा दिसायचा. तीस वर्षं त्याने दारं बसवली, दुसरं काहीही केलं नाही. इंजिनवाले ऐटीत फिरत, रंगवाले शिट्ट्या मारत आणि बिजागरी दाराला कान लावून उभा असे. बस कुठे जाते, किती पळते, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दार नीट लागलं की त्याच्यापुरती बस संपली. एकदा नव्या बसचा मोठा समारंभ होता. साहेब फीत कापून आत चढले, टाळ्या वाजल्या आणि याने साहेबांना दंडाला धरून अलगद खाली उतरवलं. दार आणखी एकदा लावून बघायचं राहिलं होतं.

घरीही हाच प्रकार. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बायकोला वाटलं, नवरा रागीट दिसतो, कपाट तीन-तीनदा आपटतो. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की हा राग नाही, प्रेम आहे. फक्त ते कपाटावर आहे. पुढे तिने जमवून घेतलं. त्याच्याकडून एखादी गोष्ट कबूल करून घ्यायची असली की ती आधी सांगायची, “फळीवरचा डबा नीट लागत नाही हो,” आणि तो झाकणाशी झटापट करत असताना माहेरी जायची तारीख ठरवून टाकायची.

गेले अकरा महिने मात्र घरातली दारं कशीही लागत होती. न्हाणीघराचं दार फरशीला घासून ओरडायचं आणि बिजागरी त्याच्या समोर खुर्ची टाकून चहा पीत बसलेला असायचा. बायको मुद्दाम ते दार दोनदा उघडून बंद करायची. तो म्हणायचा, “हं.” काहीही विचारा, उत्तर ‘हं’. भाजीत मीठ कमी आहे का? हं. जास्त आहे का? हं. माणूस दुःखी असता तर तिने जवळ बसवून विचारलं असतं, चिडका असता तर भांडून मोकळी झाली असती. हा दोन्ही नव्हता. दातवाल्याने सुई टोचल्यावर हिरडी जशी जागेवर असते पण आपली नसते, तसा तो घरात होता.

झालं होतं ते असं. दुरुस्तीला आलेल्या एका बसच्या मधल्या दाराचा लॅच बदलायचा होता. ब्रेकचं काम चालू असल्यामुळे बसची चाकं काढलेली होती आणि बस लोखंडी घोड्यांवर, म्हणजे खाली दिलेल्या टेकूंवर, उभी होती. दाराचं शेवटचं जुळवून घेणं कधी घोड्यांवर करायचं नसतं. बस चाकांवर उतरवायची, सीटांवर माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवायची आणि मग लॅच जुळवायचा, कारण भरलेली बस बसते, तिचा सांगाडा किंचित झुकतो आणि दार आपली जागा सोडतं. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तो बिजागरीच्या उस्तादाचा होता आणि बिजागरीने तीस वर्षं पाळला होता. चाळीस पोती चढवायची, चाळीस उतरवायची, म्हणजे अर्धा दिवस. त्या दिवशी बस संध्याकाळच्या फेरीला हवी होती. सुपरवायझरने विचारलं, “दार चालेल ना?” याने दोनदा लावून बघितलं. आवाज छान आला. म्हणाला, “चालेल.”

नवव्या दिवशी, खच्चून भरलेली बस वळणावर असताना ते दार उघडलं आणि दाराशी उभा असलेला कंडक्टर रस्त्यावर फेकला गेला. खुबा मोडला. तीन जणांची चौकशी समिती बसली. कंडक्टर दाराला टेकला होता का? टेकला होता. दाराला टेकायचं नाही असा कंपनीचा नियम आहे, आणि भरलेल्या बसमध्ये कंडक्टरने दुसरं कशाला टेकायचं हे तो नियम सांगत नाही. ठपका कंडक्टरवर आला. त्याच्या नोंदवहीत तसा शेरा पडला, फेऱ्या काढून घेतल्या आणि बरा झाल्यावर त्याला पासच्या खिडकीत बसवलं. समितीने बिजागरीलाही बोलावलं होतं. “दार व्यवस्थित बसवलं होतं?” “हो.” पोत्यांबद्दल कुणी विचारलं नाही, कारण पोत्यांबद्दल कुणाला माहीतच नव्हतं. दोन महिन्यांनी बिजागरीने गुडघेदुखीचं कारण लिहून नोकरी सोडली.

आता मेहुण्याबद्दल. बायकोचा हा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्याला मोकळ्या हवेची हौस लागली आणि त्याने एक मोटार मागवली. मोटार कसली, मोटारीचे सुटे भाग: एकोणीस पेट्या आणि एक जाडजूड माहितीपुस्तक. दोन दारांची, फायबरच्या अंगाची, बेडकासारख्या डोळ्यांची गाडी. ती त्याने दवाखान्याच्या मागच्या गॅरेजमध्ये दीड वर्षं जोडली. हत्यारं त्याने पांढऱ्या कापडावर ओळीने मांडली होती. पाना मागितला की तो आधी पुसून द्यायचा. सगळं जुळलं, इंजिन सुरू झालं, दिवे लागले. दारं तेवढी लागेनात. माहितीपुस्तकात दारांच्या पानावर एकच वाक्य होतं, ‘आता दारे बसवावीत.’ आणि शुक्रवारी अकरा वाजता वाहन तपासनीस येणार होता.

“हे येतील की,” बुधवारी सकाळी बायको फोनवर म्हणाली.

“कोण येईल?” बिजागरीने विचारलं.

“तुम्ही. बसून बसून खुर्चीला पोचा पडलाय.”

“हं.”

गॅरेजमध्ये गाडी घोड्यांवर उभी होती. चाकं रंगवायला दिली होती; मेहुण्याला ती लालच हवी होती.

“भावोजी, मी दीडशे वेळा लावून बघितलं,” मेहुणा म्हणाला. “डावं लागतं पण उघडत नाही. उजवं उघडतं पण लागत नाही.”

बिजागरी उजव्या दाराशी वाकला. “हा डावा आहे.”

“काय डावा?”

“लॅच. डाव्या दाराचा. उलटा करून इकडे लावलास.”

“तरीच तीन स्क्रू उरले होते. मला वाटलं, कंपनीने प्रेमाने जास्त दिले.”

मोटारीच्या दाराचं गणित साधं असतं. दाराच्या कडेला लॅच, म्हणजे एक छोटा लोखंडी जबडा. समोर चौकटीवर एक खुंटी. दार ओढलं की जबडा खुंटीला धरतो. पहिल्या दाताला अर्धं लागतं, दुसऱ्या दाताला पूर्ण. खुंटी खाली-वर सरकवता येते, तिच्याखाली वायसरची पातळ चकती घालून बाहेर काढता येते. एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये माणसाची तीस वर्षं जातात.

बिजागरीने लॅच बदलले आणि जबडा खुंटीवर नेमका कुठे लागतो हे बघायला खडू मागितला. मेहुण्याकडे खडू नव्हता. तो आत गेला आणि निळ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आला.

“हे चालेल का बघा. पेशंटच्या दातांत धरतो. मिटा म्हटलं की जिथे जास्त दाबतं तिथे निळा ठिपका उठतो.”

बिजागरीने पट्टी खुंटीवर धरली, दार लावलं, उघडलं. खुंटीवर निळी रेघ उमटली होती, केसासारखी बारीक. तो बराच वेळ बघत राहिला. मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याने कामाबद्दल एक प्रश्न विचारला.

“अजून आहेत?”

“पाचशे आहेत.”

दुपारपर्यंत त्याने दोन्ही दारं बसवली. हात आपलं काम करत होते. तो शेजारी उभा राहून बघत असावा तसा होता. खुंटी अर्धा धागा वर, एक वायसर कमी, दार हलकेच ओढायचं. खट, आणि त्याला लागून दुसरा खट. निळी रेघ बरोबर मधोमध. मेहुणा दार लावायचा, उघडायचा, पुन्हा लावायचा.

“लोण्यासारखं लागतंय हो. मग चालेल ना आता?”

“चालेल,” बिजागरी म्हणाला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. नवऱ्याचा हात अजून दारावरच होता. चहा निवेपर्यंत त्याने तो काढला नाही.

“काय झालं?” तिने विचारलं.

“हं,” तो म्हणाला. लहानशी गाडी, दोन माणसं बसणार, ती काय झुकणार, असं काहीतरी त्याच्या डोक्यात येऊन गेलं. तेही नीटसं आलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला चाकं आली. गाडी घोड्यांवरून उतरली. बेडकाला लाल बूट घातल्यासारखं दिसत होतं, पण हे मेहुण्याला सांगायची कुणाची छाती नव्हती. तो स्टिअरिंगशी जाऊन बसला. बायको फोटोसाठी चांगली साडी नेसून आली होती, ती शेजारी बसली. दार ओढलं. खट. तिने केस सारखे करायला कोपर दारावर टेकवलं आणि दार संथपणे, काही घाई नसल्यासारखं, सताड उघडलं. तिची पर्स जमिनीवर पडली. तिने सीट धरली म्हणून ती राहिली.

मेहुणा हसला. “ताई, गाडी अजून सुरू नाही झाली आणि तू उतरलीस पण?”

बिजागरीने पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली. निळी पट्टी खुंटीवर धरली, दार लावलं, उघडलं. परवाची रेघ मधोमध होती. आजची खालच्या कडेला, जेमतेम खुंटीवर. त्याने मोजपट्टीने मोजलं.

“तीन मिलिमीटर,” तो म्हणाला.

“एवढंच ना?” मेहुणा म्हणाला.

“एवढंच.”

मग त्याने बाह्या वर केल्या. “कुणी उतरायचं नाही. वजनासकट जुळवायचं.”

“भावोजी, नऊ वाजता माझा पेशंट आहे. दाढ काढायचीय.”

“मग तुझ्या वजनाचं पोतं ठेव तुझ्या जागी. किती किलोचा तू?”

“ब्याऐंशी.”

“अरे धाकट्या,” बहीण नुसतं म्हणाली.

“चौऱ्याण्णव,” मेहुणा म्हणाला. त्याने कोपऱ्यातली वाळू दोन पोत्यांत भरली, दवाखान्यातल्या काट्यावर तोलली, सीटवर ठेवली आणि जाता जाता पोत्यांना पट्टाही बांधला.

गॅरेजमध्ये दोघंच उरली. ती आत बसलेली, तो बाहेर गुडघ्यांवर, मध्ये उघडं दार. त्याने खुंटी सैल केली, वर सरकवली, आवळली. दार लावलं, उघडलं. पुन्हा सैल केली.

“गुडघ्यांवर बसलात,” ती म्हणाली. “दुखतात ना?”

“गुडघ्यांना काही झालेलं नाही.”

त्याने पट्टी बदलली.

“त्या बसचं दार मी असंच बसवलं होतं,” तो खुंटीकडे बघत म्हणाला.

“असंच म्हणजे?”

“परवासारखं. गाडी घोड्यांवर असताना. पोती ठेवली नव्हती.”

“पण तो टेकला म्हणून पडला ना?”

“लागलेलं दार टेकलं म्हणून उघडत नाही. तू टेकलीस आता. काय चुकलं तुझं?”

तिने दाराची कड हाताने चाचपली. मग म्हणाली, “चौकशीत नाही सांगितलंत?”

“विचारलं नाही त्यांनी.”

“मीही नाही विचारलं.”

“तुला सांगितलं ना आता.”

“मला सांगून काय उपयोग? माझं काय मोडलंय?”

हे ती काही ओरडून म्हणाली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी म्हणाली. तो खाली वाकून वायसर शोधू लागला. वायसर त्याच्या हातातच होता.

“त्याची बायको भेटते मला दुकानात,” ती म्हणाली. “अजून बसमध्ये चढत नाही तो. त्या पायाने चालत जातो कामावर. ती रडते, आणि मी तिला अकरा महिने समजावतेय, जाऊ दे गं, चुकतो माणूस एखाद्या वेळी.”

“खरंय,” तो म्हणाला.

“अहो, मी त्याच्याबद्दल म्हणत होते.”

त्याने वायसर बसवला, दार लावलं, तिला म्हणाला, “टेक.” ती टेकली. “जोरात.” तिने खांदा लावला. दार हललं नाही. “उजवं राहिलंय,” तो म्हणाला आणि उठून पलीकडे गेला. ती पोत्यांशेजारी बसून राहिली.

तपासनीस अकराला आला. तो आत बसून गुडघ्याने दार ढकलून बघायचा, त्यासाठी त्याची ख्याती होती. त्याने दोन्ही दारं ढकलली, वहीत खुणा केल्या आणि गाडी पास झाली. फोटो निघाले. बिजागरी त्यांत कुठे दिसत नाही. मेहुण्याने खूप हाका मारल्या, पण तो गॅरेजमध्ये निळ्या पट्ट्या गोळा करत होता. बरं वाटलं का? तसं म्हणता येणार नाही. शनिवार-रविवार तो खुर्चीत बसला. न्हाणीघराचं दार ओरडलं, त्याने ऐकलं. बायकोने विषय काढला नाही. सोमवारी सकाळी तिने त्याचा धुतलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वतः चपला घातल्या.

“तू कशाला?”

“मी बाहेर थांबते.”

डेपोतल्या पासच्या खिडकीला मोठी रांग होती. खरं तर बाजूच्या दाराने आत जाता आलं असतं. तिथे त्याला सगळे ओळखत. तो रांगेत उभा राहिला. चाळीस मिनिटं. काय बोलायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. खिडकीत कंडक्टर होता. त्याला सगळे सुट्टे म्हणत, कारण बावीस वर्षं तो बसमध्ये तेवढा एकच शब्द बोलला, असं डेपोचं म्हणणं होतं.

“दोन फोटो, पत्त्याचा कागद,” सुट्टे मान वर न करता म्हणाला.

“मी आहे.”

सुट्टेने वर बघितलं. “बिजागरी? अरे, मग आत यायचंस. रांगेत कशाला उभा राहिलास?”

“इथेच बरं आहे. त्या दिवशीचं दार मी घोड्यांवर जुळवलं होतं. चाकांवर उतरवून, पोती ठेवून जुळवायला हवं होतं. भरलेल्या गाडीत ते तीन मिलिमीटर सरकतं. दार अर्धंच लागलं होतं. तू टेकलास म्हणून नाही उघडलं.”

पाठ केलेलं तो स्टेशनवरच्या घोषणेसारखं, एका सुरात म्हणून गेला. काचेला एक भोक होतं, त्यातून सगळं आत गेलं असावं, कारण सुट्टेने हातातला शिक्का खाली ठेवला.

“किती म्हणालास?”

“तीन मिलिमीटर.”

सुट्टेने अंगठा आणि बोट जवळ आणलं, मधली फट डोळ्यासमोर धरली. “एवढं?”

“थोडं कमी.”

त्याने फट कमी केली. तशीच धरून बसला. “माझा मुलगा म्हणाला होता, बाबा, तुम्हीच ना लोकांना ओरडायचात, दाराला टेकू नका म्हणून? मी म्हटलं, हो रे.”

मागून एक बाई म्हणाल्या, “ओ काका, पास काढताय की घर विकताय?”

“थांबा जरा, बाई,” सुट्टे म्हणाला.

“शिव्या दे मला,” बिजागरी म्हणाला.

“रांग आहे.” सुट्टेने घड्याळाकडे बघितलं. “दीडला सुट्टी होते माझी. तेव्हा देईन. आधी हे लिहून दे.” त्याने पासच्या अर्जाचा एक कोरा कागद भोकाखालच्या फटीतून सरकवला. “मागच्या बाजूला लिही. साहेबांच्या नावाने. बसचा नंबर आठवतो?”

“आठवतो.”

“आठवणारच. तारीख घाल. आणि नीट अक्षर काढ, त्यांना चष्मा लागलाय.”

बिजागरीने खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. मागे रांग कुरकुरत होती. त्या बाईंनी खांद्यावरून वाकून वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीनंतर गप्प झाल्या. तो बसचा नंबर लिहून थांबला, घोडे आणि पोती यांबद्दल लिहून थांबला.

“चौकशीत तू हो म्हणालास,” सुट्टे आतून कागद उलटा वाचत म्हणाला. “ते नाही आलं.”

त्याने ते लिहिलं. सही केली. सुट्टेने कागद दोनदा वाचला, फाइलमध्ये न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवला.

“साहेब दोनला असतात. दोघं जाऊ.”

“तुझ्याबरोबर?”

“मग मी एकट्याने जाऊन काय सांगू, कागद रस्त्यात सापडला? सरक आता. बाई, या पुढे. दोन फोटो, पत्त्याचा कागद.”

बिजागरी बाजूला झाला. साडेअकरा वाजले होते. दीडपर्यंत कुठे जायचं हे त्याला सुचेना, म्हणून तो भिंतीलगतच्या बाकावर बसला. हात मांडीवर ठेवले. ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडून राहिले. बायको रस्ता ओलांडून आली आणि शेजारी बसली.

“काय म्हणाला?”

“दीडला शिव्या देणार आहे.”

“बरं,” ती म्हणाली. पर्स मांडीवर घेतली आणि बाकावर जरा मागे सरकून बसली. “मी पण ऐकते.”